सातव्या मिनिटाला

डॉक्टर पानशांनी नळी कानातून काढून गळ्यात अडकवली, ज्योतीरामाच्या उघड्या पाठीवर एक थाप मारली आणि म्हणाले, "काही नाही हो. तुमच्या छातीत काहीसुद्धा नाही. लोहाराच्या भात्यासारखी छाती आहे तुमची!" दुसरा कोणी असता तर घरी जाताना देवापुढे नारळ फोडून गेला असता. ज्योतीरामाच्या मात्र पाठीवरून कोणी गार पाण्याचा तांब्या ओतावा तसं झालं. सदरा त्यानं हातातच ठेवला. "पुन्यांदा एकवार बघता का?" तो म्हणाला. "नीट लक्ष देऊन. थंडीच्या दिवसांत लई होतं. सोळा वर्सं झाली." डॉक्टर हसले. त्यांनी तीनदा बघितलं होतं, पुढून, पाठीमागून, श्वास धरायला लावून. "सोळा वर्षं तुम्हाला कुणीतरी फसवलंय," असं म्हणून ते बेसिनपाशी हात धुवायला गेले. तिकडूनच ओरडून म्हणाले, "आता सबब चालायची नाही. सूर तुम्हीच धरायचा!" कारखान्याच्या दवाखान्याला नव्या रंगाचा वास येत होता. भिंतीवर फुप्फुसांचं एक रंगीत चित्र टांगलेलं होतं, उलट्या झाडासारखं. ज्योतीराम गुंड्या लावत त्या चित्राकडे बघत राहिला. कुणीतरी फसवलंय म्हणजे कुणी, हे विचारायची डॉक्टरांना गरज वाटली नाही. नशीब म्हणायचं.

एवढ्या तपासणीचं कारण म्हणजे जानेवारीतला कारखान्याचा वाढदिवस. पिंपरीच्या माळावर औषधाचा हा कारखाना उभा राहिला त्याला दोन वर्षं होत होती आणि त्या निमित्तानं कामगारांनी काहीतरी करून दाखवावं असं साहेबलोकांच्या मनात होतं. डॉक्टर पानसे हे करमणूक मंडळाचे कार्यवाह. माणूस हौशी, स्वतः बरं व्हायोलिन वाजवणारा. लढाईत लष्करात डॉक्टर होते आणि पार ग्रीस देशापर्यंत जाऊन आले होते. तिथल्या एका बेटावर त्यांनी जुन्या राजवाड्याचे पाये बघितले होते आणि तेव्हापासून एक गोष्ट त्यांच्या डोक्यात घर करून होती. ती त्यांनी बाटल्या तपासायच्या खात्यात, जेवणाच्या सुट्टीत, ज्योतीरामाच्या स्टुलाशेजारी उभं राहून सांगितली. एक राजा होता. त्यानं एका कारागिराकडून असा वाडा बांधून घेतला, की आत गेलेला माणूस बाहेर येऊ नये. नुसत्या वाटा, वळणं, दारं, आणि प्रत्येक दार पुन्हा आतच उघडणारं. मधोमध एक प्राणी ठेवलेला, अंग माणसाचं आणि डोकं बैलाचं. दर काही वर्षांनी परदेशची तरणी पोरं त्याच्यापुढे सोडायची. एकदा त्या पोरांत एक राजपुत्र आला. राजाच्या मुलीचं त्याच्यावर मन बसलं आणि तिनं त्याच्या हातात सुताचा गुंडा दिला. एक टोक दारात ती धरून बसली, दुसरं घेऊन तो आत गेला, बैलाला मारलं आणि दोऱ्याच्या मागानं परत आला. "म्हंजी चक्रव्यूह," ज्योतीराम म्हणाला. "चक्रव्यूह नव्हे," डॉक्टर म्हणाले. "अभिमन्यू परत येत नाही. हा येतो. दोऱ्यामुळे येतो." मग त्यांनी बेत सांगितला. नाटक नाही, सोंगं नाहीत, शब्दही नाहीत; सुरुवातीला गोष्ट तेवढी ते सांगणार. पुढे सगळं वाद्यांवर. नगारा म्हणजे तो बैल. सनई म्हणजे राजपुत्र, तो वाटा शोधत भटकणार. आणि सनईच्या पाठीमागे जो सूर धरलेला असतो ना, एकसारखा, न तुटणारा, तो म्हणजे दोरा. "सूर तुटला की राजपुत्र मेला," डॉक्टर बोट उचलून म्हणाले. ज्योतीरामानं हातातली बाटली दिव्यासमोर धरली होती. ती त्यानं खाली ठेवली आणि विचारलं, "डागदरसाहेब, ती बाई दारात टोक धरून बसली व्हती, तिच्या मनात कधी आलं न्हाई का, द्यावं सोडून?" डॉक्टरांनी चष्मा वर सरकवला. असं काही पुस्तकात दिलेलं नाही म्हणाले.

तेव्हाच त्यानं छातीचं कारण पुढे केलं होतं आणि डॉक्टरांनी तिथल्या तिथे उपाय काढला होता, या दवाखान्यात. पण खरी मेख पुढेच होती. हात पुसत डॉक्टर परत आले आणि सहज म्हणाले, "तुमच्या भावांना मी आजच निरोप धाडतो. तळेगावला जाऊन भेटलो मी त्यांना, काचेच्या कारखान्यात. सनई सोडून सोळा वर्षं झाली म्हणाले, आधी ऐकेनातच. मग म्हणाले, सूर माझ्या भावाचा असेल तर येतो, नाहीतर दुसरा बघा. केवढं प्रेम, नाही?" ज्योतीराम हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

दवाखान्यातून निघाला तो लोहमार्गाच्या कडेकडेनं चिंचवडच्या वाटेला लागला. रोज सायकलवाल्या सोबत्याच्या मागे बसून जायचा, आज चालावंसं वाटलं. दादाला सूर त्याचाच का हवा? तळेगावात काय सूरवाले मिळत नव्हते? सोळा वर्षांत दोघे भाऊ भेटले नव्हते असं नाही. लग्नं झाली, बारावी-तेरावी झाली, सुगीला एकमेकांकडे वाल-पावटे गेले. सोपानदादा यायचा, ओट्यावर बसायचा, पाऊसपाण्याचं बोलायचा, ज्योतीरामाच्या छातीची चौकशी करायचा आणि शेवटच्या गाडीच्या आत निघून जायचा. सनईचं नाव दोघांच्या तोंडून कधी निघालं नाही. एखाद्या घरात विहीर बुजवलेली असते, तिच्यावर पाय न टाकता सगळे वळसा घालून जातात, तसं. आणि आता दादानंच त्या जागेवर बोट ठेवलं होतं. ज्योतीरामाला चालता चालता आपल्या श्वासाचा आवाज ऐकू यायला लागला. आत, बाहेर. कुठं शिट्टी नाही, कुठं घरघर नाही. त्यानं मुद्दाम खोकून बघितलं. खोकला आला खरा, पण तो नुसता आवाज होता, आणि माळावर कोणी नसताना तो काढल्याची त्याला लाज वाटली.

थोरल्यानं सनई वाजवायची आणि धाकट्यानं सूर धरायचा, ही त्यांच्या घराची रीत. देवळाच्या नगारखान्यात तीन पिढ्या हे चालत आलेलं. बापाला विचारायची सोय नव्हती आणि विचारायचं कुणाला सुचतही नव्हतं. ज्योतीराम नऊ वर्षांचा असताना बापानं त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला, हातात एरंडाची पोकळ नळी दिली आणि म्हणाला, फुंक. पाण्यात बुडबुडे आले. "आता श्वास घे, पन बुडबुडं थांबता कामा न्हाईत." गालात हवा साठवायची, ती हळूहळू नळीत सोडायची आणि तेवढ्यात नाकानं नवी ओढून घ्यायची. चार महिने लागले. बुडबुडे थांबले की बाप पाठीत चिमटा घ्यायचा. मग एक दिवस ते थांबलेच नाहीत. तो फुंकत राहिला, ऊन ओट्यावरून अंगणात गेलं, आई जेवायला हाक मारून थकली, आणि बाप पहिल्यांदा हसला. त्या दिवशी त्याला सूर मिळाला. दिसायला सनईच, पण भोकं मेणानं बुजवलेली. बोटांना तिच्यावर काम नाही. एकच स्वर, सकाळ-संध्याकाळ, सणावारी, लग्नामुंजीत. शेजारी दादाची बोटं नाचायची, दादा वर जायचा, आडवा जायचा, कुठल्या कुठे हरवल्यासारखा व्हायचा आणि ऐकणाऱ्यांचा जीव टांगणीला लागला की बरोबर ज्योतीरामाच्या सुरावर येऊन उतरायचा. लोक वाहवा म्हणायचे. ती दादाला. कोणी कधी म्हटलं नाही की तो उतरला कशावर. ज्योतीरामाला त्याचं वाईट वाटायचं का? खरं सांगायचं तर पुष्कळ वर्षं वाटलं नाही. दादा परत येताना एक क्षण असा असायचा की दोन्ही स्वर एकमेकांत मिसळायचे आणि आपण कुठला वाजवतोय ते कळायचं नाही. त्या एका क्षणासाठी तो बसायचा. वाईट वाटायला लागलं ते एका सकाळी, तळेगावात, हातात चहाची बशी असताना.

तळेगावच्या इनामदाराकडे लग्न होतं. ग्रामोफोन कंपनीचा एक माणूस मुंबईहून मुद्दाम आला होता, दादाची सनई ऐकायला. पसंत पडली तर तबकडी निघणार होती. सगळ्या चिंचवडात चार दिवस दुसरी गोष्ट नव्हती. ज्योतीरामानं नवा फेटा घेतला होता. त्या सकाळी तो मागीलदारी चहा पीत उभा होता आणि आत ओसरीवर तो मुंबईचा माणूस इनामदाराशी बोलत होता. "दोघांचं तिकीट कशाला? सूरवाला काय, मुंबईत कोणीही मिळेल." बस, एवढंच. त्यात शिवी नव्हती, अपमान नव्हता. त्या माणसाच्या दृष्टीनं तो हिशेबी शहाणपणा होता. ज्योतीरामानं उरलेला चहा पायाशी ओतून टाकला. संध्याकाळी मांडवात बसले तेव्हा समोरच्या भिंतीवर लंबकाचं मोठं घड्याळ होतं. दादानं सावकाश सुरुवात केली. काय वाजवत होता त्या दिवशी! तो वर चढत गेला, वळला, पुन्हा वळला, इतका दूर गेला की परतीची वाट त्याची त्यालाही दिसत नसेल. त्याला ठाऊक होतं, मागे सूर आहे. वाजवायला लागल्यापासून घड्याळात सातवं मिनिट चालू होतं. आणि सूर नव्हता. सुटला, की सोडला? ज्योतीरामानं हा प्रश्न नंतर इतक्या वेळा उलटापालटा केला की दोन्ही बाजू सारख्याच गुळगुळीत झाल्या. त्याला आठवतं ते एवढंच, की गालात हवा होती, नाक मोकळं होतं, आणि नळीत काही गेलं नाही. दादा उतरायला आला तो जिथं उतरला तिथं जमीन नव्हती. भलताच स्वर लागला. तो सावरायला गेला आणि आणखी चुकला. नगारेवाला गडबडला. मंडपात कोणीतरी फिसकन हसलं. मुंबईचा माणूस पान लावत होता. त्यानं ते तोंडात टाकलं आणि चपला शोधायला लागला.

मग सगळे ज्योतीरामाकडे बघायला लागले. इनामदाराचा कारभारी तर हातच उगारून आला. तेव्हा दादा मध्ये उभा राहिला. त्याचा चेहरा मेणासारखा झाला होता, पण आवाज शांत होता. "त्येला बोलू नका," तो म्हणाला. "पोराची छाती नाजूक हाय. दम पुरला न्हाई." आणि ज्योतीराम खोकला. एकदा, दोनदा, मग वाकून, छातीला हात लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तो खोकला त्यानं ठरवून काढला नव्हता. कोणी हात पुढे केला की आपण धरतो, तसा तो आला. पण एकदा आल्यावर तो परत पाठवता येईना. गावात झालं, ज्योतीरामाला दमा आहे. दोन वर्षांनी छबू लग्न होऊन आली ती ऐकूनच आली. पहिल्या हिवाळ्यात तिनं अडुळसा, सुंठ, ज्येष्ठमध घालून काढा केला आणि तेव्हापासून दिवाळी ते होळी, रोज दिवेलागणीला, तो कडू पेला त्याच्यापुढे येतोच आहे. त्याला ओझं उचलू द्यायची नाही. पाण्याच्या घागरी तिच्या, सरपण तिचं, आणि आठवड्याचं दळणसुद्धा डोक्यावर घेऊन तीच गिरणीवर जायची. पोटात मूल असताना गेली होती, सहाव्या महिन्यात. तो ओट्यावर बसून बघत होता. कारखान्यात मुकादमानंही छातीचं ऐकून त्याला पिंपं लोटायच्या कामाऐवजी बसायचं काम दिलं. एक खोकला, आणि त्याच्या भोवती केवढा वाडा उभा राहिला! कारागीर तोच, आतला बैलही तोच. डॉक्टरांच्या गोष्टीतला राजा निदान बाहेर तरी राहत होता.

दादानं त्या लग्नानंतर सनई हातात धरली नाही. ज्या तोंडाचं हसं झालं ते पुन्हा दाखवायचं नाही म्हणाला आणि तळेगावलाच काचेच्या कारखान्यात लागला. लांब नळीच्या टोकाला तापलेली काच घ्यायची आणि दुसऱ्या टोकानं फुंकायचं. दम होताच. मोठमोठ्या बरण्या, बाटल्या तो एका श्वासात फुगवायचा असं लोक सांगत. तळेगावच्या बाटल्या पिंपरीतही यायच्या. ज्योतीरामाचं काम म्हणजे प्रत्येक बाटली दिव्यासमोर धरून काचेत बुडबुडा आहे का ते बघायचं. असला तर बाजूला काढायची. कुठली कोणी फुंकलेली, ते काही कळत नसे. तरी बुडबुडा दिसला की त्याचा हात थांबायचा. इतका छोटा, मोहरीएवढा. कुणाचा तरी श्वास, आत अडकलेला, आता जन्मभर तसाच राहणार. ही बाटली टाकाऊ म्हणायचा अधिकार आपला, आणि फुंकणारा कदाचित तो. अशा वेळी त्याला घशात खवखव व्हायची आणि शेजारचे म्हणायचे, ज्योतीरामभाऊ, थंडी बाधली का?

तालीम एकच झाली, वाढदिवसाच्या आदल्या रविवारी, क्लबाच्या पत्र्याच्या हॉलमध्ये. दादा बऱ्याच महिन्यांनी समोर आला तेव्हा ज्योतीराम त्याला बघून दचकला. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी साठीचा दिसत होता. गाल सैल पडून लोंबत होते, ओठांची कातडी भट्टीनं काळवंडली होती. त्यानं कापडातून सनई काढली, तिच्या तोंडाची पत्ती ओठांत ओली केली आणि ज्योतीरामाकडे न बघता म्हणाला, "धर." सुराविषयी सोळा वर्षांनी एवढा एक शब्द. ज्योतीरामानं धरला. त्याला भीती होती की गाल विसरले असतील. गाल काही विसरले नव्हते. चार मिनिटं झाली आणि दादा थांबला, तोंड फिरवून खोकला. कोरडा, खोल, बरणीत खडे हलवल्यासारखा. "बाकीचं त्या दिशी," म्हणाला. डॉक्टर म्हणाले, अहो बारा मिनिटांचं आहे, एकदा पूर्ण तरी करू. दादानं मान हलवली. निघताना फक्त एवढं विचारलं, "तुझी छाती काय म्हनती?" ज्योतीरामानं डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर व्हायोलिन पेटीत ठेवत होते. "हाय तशीच," तो म्हणाला. दादा म्हणाला, "बरं."

ते 'बरं' ज्योतीराम आठवडाभर घेऊन हिंडला. आणि त्या आठवड्यात त्याला एक गोष्ट दिसली, जी आधीच दिसायला हवी होती. बारा मिनिटं सूर धरला, तर सिद्ध काय होणार? हेच की त्याचा दम सातव्या मिनिटाला संपत नाही. एक्केचाळिसाव्या वर्षी संपत नाही, तर पंचविसाव्या वर्षी कसा संपला होता? हा सवाल दादा करील. छबू करील; ती तर बायकांबरोबर पुढेच बसणार होती. आणि सूर तुटला, तर? तर डॉक्टर खोटे आणि सोळा वर्षं खरी. दादाचं दुसऱ्यांदा हसं होईल, पण ज्योतीराम राहील होता तिथेच, ओट्यावर, पेला हातात घेऊन. धरायचा म्हणजे कबुली, सोडायचा म्हणजे पुन्हा तेच. तिसरी वाट त्यानं पुष्कळ शोधली. आजारी पडावं, पत्ती फोडावी, गावाला जावं. प्रत्येक दार आतच उघडत होतं. शुक्रवारी, पाटावर बसून आंघोळ करताना, त्यानं ठरवलं. सातव्या मिनिटाला सोडायचा. ठरवल्याबरोबर त्याला इतकं हलकं वाटलं, की त्याला स्वतःची किळस आली. छबूनं पाठीवर पाणी ओतता ओतता विचारलं, "जमंल का तुमाला? म्या डागदरास्नी सांगू का जाऊन, की ह्येंला त्रास हुतो?" तो म्हणाला, "नगं." ती म्हणाली, "काढ्याची बाटली भरून घिऊन येते मी. मधी लागलं तर."

रविवारी पाच वाजता माळावर मांडव गच्च भरला होता. ऊन तिरपं येत होतं. साहेबलोक खुर्च्यांवर, कामगार सतरंज्यांवर, उजवीकडे बायका. त्यांत दुसऱ्या रांगेत छबू, मांडीवर कापडात गुंडाळलेली बाटली. डॉक्टरांनी गोष्ट सांगितली. बैलाचं डोकं म्हटल्यावर पोरं हसली, वाटांचं वर्णन आल्यावर गप्प झाली. मंचाच्या कडेला डॉक्टरांनी वेळ बघायला टेबलावरचं घड्याळ ठेवलं होतं. ज्योतीरामाला ते नेमकं समोर दिसत होतं. दादा म्हणाला, "धर." आणि त्यानं सूर लावला.

पहिली दोन मिनिटं त्याला काही ऐकूच आलं नाही, घड्याळच दिसत राहिलं. मग सनई आत शिरली. दादा घाबरत घाबरत, भिंत चाचपत जावं तसा जात होता. एक वळण घ्यायचा, परत यायचा, सुराला हात लावून बघायचा आणि पुन्हा जायचा. नगारा लांबून हळू बोलायला लागला. चौथं मिनिट. दादा आता परत येत नव्हता. हाच तो रस्ता, ज्योतीरामानं ओळखला. त्या लग्नातलाच, तेच चढ, तीच वळणं. सोळा वर्षं त्यानं ते सगळं कुठं ठेवलं होतं? बोटं सोडून सगळं म्हातारं झालं होतं. पाचवं. नगारा जवळ आला. ज्योतीरामाच्या कपाळावरून घाम डोळ्यात उतरला. अजून दोन मिनिटं, मग सोडायचा, मग खोकायचं, सगळं सोपं आहे. सहावं मिनिट लागलं आणि त्याला शेजारी एक तिसराच आवाज ऐकू आला. सनईच्या खालून, बारीक, शिट्टीसारखा. दादाच्या छातीचा. प्रत्येक श्वासाला ती छाती वाजत होती; मांडवात कोणाला ऐकू जात नसेल, पण शेजारी बसलेल्याला जात होती. भट्टीसमोरची सोळा वर्षं वाजत होती ती. दम होता त्याचा गेला होता, आणि दम नव्हता म्हणणाऱ्याचा शाबूत होता. सनई एका वळणावर चढली, थरथरली आणि बंद पडली.

नगारेवाल्यानं हात उचलले ते तसेच राहिले. डॉक्टरांचा गज तारांवर थांबला. दादानं सनई मांडीवर टेकवली होती, मान खाली घातली होती आणि तोंड उघडून तो हवा ओढत होता. मांडवभर फक्त एक स्वर उरला. ज्योतीरामाचा. घड्याळात सातवं मिनिट सुरू झालं. आता सोडला असता तर कोणी त्याच्याकडे बोट दाखवलं नसतं. राजपुत्रच पडला म्हटल्यावर दोऱ्याला कोण विचारतो? छबू उठून उभी राहिली होती, हातात काढ्याची बाटली, डोळे त्याच्यावर. गालात हवा होती. नाक मोकळं होतं. सगळं तसंच होतं, आणि त्या क्षणी त्याला लख्ख कळलं की त्या दिवशी सूर सुटला नव्हता, सोडला होता. आपण सोडला होता. त्यानं नाकानं श्वास घेतला आणि हवा नळीत गेली. आठवं मिनिट. लोक चुळबुळले, मग थांबले. तो नुसता धरून बसला. सुराला दुसरं काही येत नाही. दादा, हा मी. मी सोडला होता. बघ, दम आहे, होताच, ऐक. नववं मिनिट. छबू उभीच होती, पण तिचे डोळे आता त्याच्या छातीवर होते, वर-खाली होणाऱ्या, कुठं न अडखळणाऱ्या. मग ती हळूच खाली बसली. सूर हलला नाही. दहाव्या मिनिटाला दादानं मान वर केली, त्याच्याकडे पूर्ण वळून बघितलं, सनई उचलली, आणि जिथं थांबला होता तिथूनच निघाला. सावकाश, पावलापावलानं, एकही दागिना न घालता, म्हाताऱ्या माणसासारखा. आणि उतरला. दोन्ही स्वर मिसळले आणि आपण कुठला वाजवतोय ते ज्योतीरामाला कळेना.

टाळ्या पुष्कळ झाल्या. डॉक्टर तर दादाच्या गळ्यातच पडले. मधली ती सनईची शांतता काय विलक्षण सुचली म्हणाले. दोघे भाऊ मांडव मोडायच्या आत चालायला लागले. छबू बायकांबरोबर बैलगाडीतून पुढे गेली होती. रुळांच्या कडेनं पाय टाकताना दादा मधूनमधून थांबत होता. तिसऱ्या वेळी थांबला तेव्हा ज्योतीराम म्हणाला, "दादा, त्या दिशी..."

"ठावं हाय."

"कवापासनं?"

"तवाच. मी म्हनलं छाती नाजूक हाय, आन तू खोकलास. त्याच्या आदी तू जल्मात खोकला नव्हतास."

ज्योतीरामानं विचारलं, "मग बोललास का न्हाई?"

"काय बोलू?" दादानं श्वास भरून घेतला. "वाटलं, आज थांबंल, उद्या थांबंल. तू आपला खोकतच ऱ्हायलास. आता माझा खरा खोकला सुरू झाला, तवा म्हनलं, सूर तुझाच मागावा, उगी उशीर व्हायचा."

पुढे चिंचवडचे दिवे दिसले. ज्योतीरामानं दादाच्या हातातली सनई मागून घेतली, दादानं दिली.

घरी चूल पेटलेली होती. दादा ओट्यावरून आत येऊन भिंतीला टेकून बसला आणि ज्योतीराम त्याच्यासमोर. काढ्याचा वास दरवळत होता, रोजच्या वेळेला, रोजच्यासारखा. छबूनं पातेलं उतरवलं, पेला भरला, पदर सावरला आणि ती बाहेर आली. ज्योतीरामाचा हात सवयीनं पुढे झाला. ती त्या हातावरून पुढे गेली आणि पेला तिनं दादापुढे ठेवला. "घ्या भावजी," ती म्हणाली. "गरम हाय तवरच घ्या." दादानं पेला दोन्ही हातांत धरला. ज्योतीरामाला खोकावंसं वाटलं. घसा नुसता हलला, खोकला आला नाही. छबू आत वळली. कोपऱ्यातली दळणाची पाटी तिनं उचलली, ती ज्योतीरामाच्या पायाशी आणून ठेवली, आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "सकाळी गिरणीवर तुमी जावा."